वरपक्षाला झालेला रोग

१

रुपराव मामांनी सदऱ्याची बाही कोपरापर्यंत गुंडाळली आणि माझ्या हातातली मिक्श्चरची बाटली सुटता सुटता राहिली. उजवा हात कोपराखाली टम्म सुजलेला, त्यावर पाणी धरलेले फोड आणि मधली कातडी लालभडक. कंपाउंडरकी करता करता माझे केस पांढरे झाले, पण असला हात मी पाहिला नव्हता.

"पाहा डॉक्टरीणबाई, नीट पाहा!" मामा गरजले. "साक्षगंधाले गेलो अन् हा आहेर घेऊन आलो. आमच्या बाकीच्या माणसायचे हात पाहाल त भेव वाटन तुमाले!"

साक्षगंध म्हणजे आमच्या नागपुरातला साखरपुडा. तो झाला होता आमच्या दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत, गोपाळराव राऊतांच्या मुलीचा, ताराचा. मुलगा सक्करदऱ्याच्या भोयरांचा वसंत, हिंगण्याच्या कारखान्यात सुपरवायझर. रुपराव हे वसंताचे मामा. लग्नघरात नवरदेवापेक्षा मामाचा आवाज मोठा असतो, हे काही नवीन नाही. गोपाळराव त्यांच्या मागं उभे होते. कचेरीतले साधे कारकून, मान खाली, हातातली टोपी पिळून पिळून तिचं फडकं झालेलं.

"पोट्टी इस्पितळात नर्स हाये," मामा पुढं म्हणाले, "अन् तेही चामडीच्या रोग्यायच्या वॉर्डात. तिथूनच आणला तिनं हा रोग. तुमी फक्त तसं लिहून द्या. रविवारी आमच्या घरी बैठक हाये. सोयरीक मोडतो अन् मोकळा होतो."

साल त्र्याहत्तर. देवीची लस टोचणारे अजून दारोदार फिरत होते आणि अंगावर फोड म्हटला की लोक आधी दार लावून घेत, मग विचारपूस करत. त्यामुळं मामांची भीती खोटी नव्हती. आवाज मात्र गरजेपेक्षा फार मोठा होता.

आमच्या डॉक्टर प्रेमलता मेश्राम वयानं माझ्या मुलीएवढ्या. मी त्यांना बाई म्हणतो, त्या मला श्रीधरभाऊ म्हणतात. मला रहस्यकथा वाचायचं व्यसन आहे आणि त्यामुळं दिसेल त्या माणसाचा संशय येतो. बाईंचं नेमकं उलटं. त्यांना माणसांचा संशय येतच नाही. त्यांना संशय येतो पाण्याचा, दुधाचा, माशीचा, झाकण नसलेल्या रांजणाचा.

त्यांनी मामांच्या हातावर गार पाण्याची घडी ठेवली, गुलाबी लोशन लावलं, फोड फोडू नका म्हणून बजावलं आणि मग विचारलं, "आणखी कोणाकोणाला झालंय?"

"साक्षगंधाले आलेल्या आमच्या बहुतेक माणसायले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोड आले."

"बायकांना?"

"बायकायले नाई."

"आणि गोपाळराव, तुमच्याकडं?"

"आमच्याकडं कोणालेच नाई, बाई," गोपाळराव पुटपुटले.

"तेच त!" मामांनी मांडीवर थाप मारली आणि लगेच कळवळले. "यायले सवय झाली असंन रोगाची!"

बाई हसल्या. "म्हणजे या रोगाला वरपक्ष कोणता आणि वधूपक्ष कोणता, हे कळतं. एवढा हुशार जंतू आम्हाला कॉलेजात कोणी शिकवला नाही."

तेवढ्यात दारात तारा उभी राहिली. ड्यूटीवरून तशीच आलेली, पांढऱ्या साडीत. डोळे रडलेले होते पण आवाज नव्हता रडलेला.

"मामाजी, लग्न मोडाचं असंन त मोडा. मले वाईट वाटन, लय वाटन. पण मी रोग आणला हे खोटं हाये. उद्या हे गावभर झालं का माझ्या वॉर्डातल्या लोकायकडं कोणी फिरकनार नाई. आधीच कोणी येत नाई त्यायच्याकडं." ती बाईंकडं वळली. "बाई, मले लग्न वाचवून नोको. मले खरं काय ते सांगा."

ती मंडळी गेल्यावर बाईंनी स्टेथोस्कोप टेबलावर ठेवला. मग उठल्या आणि म्हणाल्या, "श्रीधरभाऊ, दवाखाना बंद करा."

भर सकाळी, रोगी बसलेले असताना, बाईंनी असं कधीच म्हटलं नव्हतं.

२

रोग्यांना अर्थात त्यांनी पाहिलंच आधी. पण शेवटची गोळी देऊन होताच आम्ही राऊतांच्या घरी निघालो. वाटेत मी माझा तर्क सांगून टाकला. "बाई, जेवणातून. शंभर टक्के."

राऊतांकडं ताराची आई कांताबाई चुलीजवळ बसली होती. तिच्या हातचा वडाभात आमच्या सगळ्या जरीपटका वस्तीत प्रसिद्ध. भातावर कुस्करलेले वडे, वर फोडणीचं गरम तेल. मी स्वतः तो त्या दिवशी दोनदा वाढून घेतला होता, ही गोष्ट मला जरा उशिरा आठवली.

"एकाच गंजात शिजवलेला भात सगळ्यायनं खाल्ला," कांताबाई म्हणाली. "पाहुण्यायनंबी अन् आमीबी. हे भाऊ त तिसऱ्या खेपेलेबी आले होते, मीच नाई म्हटलं."

"जेवण बाद," बाई म्हणाल्या. माझ्याकडं न पाहता म्हणाल्या, हे त्यांचे उपकार.

गोपाळरावांनी समोरची खोली दाखवली. "इथं पाहुण्यायची बैठक. गाद्या, पांढऱ्या चादरी, टेकाले लोड. चंपतरावच्या बिछायत केंद्रातून भाड्यानं आणलं सारं. यंदा त्यानं लोडायले नवे गिलाफ शिवले, कोरे करकरीत. लय चोऱ्या होतात म्हने त्याच्या मालाच्या, म्हणून खूण करूनच देते आता."

"आणि तुमचे लोक कुठं बसले?"

"आमी खाली सतरंजीवर. बाया अंदर." गोपाळरावांना प्रश्नच विचित्र वाटला. "पोट्टीवाल्यानं गादीवर बसून लोडाले टेकनं बरं दिसते का, बाई? आमच्या घरच्या एकाही माणसानं गादीले पाय नाई लावला. मीच सांगून ठेवलं होतं सगळ्यायले."

हे त्यांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं. रीत ती रीत.

इतक्यात शेजारच्या सिंधूताई आल्या. त्यांना पाहताच माझे कान टवकारले. वसंताचं स्थळ आधी सिंधूताईंच्या मुलीसाठी आलं होतं आणि ते जमलं नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. आणि साक्षगंधाच्या दिवशी पाहुण्यांच्या हाताला अत्तर कोणी लावलं होतं? सिंधूताईंनी!

"बाई," मी कुजबुजलो, "हेतू आहे. संधी आहे. अत्तर आहे."

बाईंनी सरळ विचारलं, "सिंधूताई, अत्तर कोणत्या हाताला लावलं?"

"उजव्या. डाव्या हातानं कोणी अत्तर घेते का?" सिंधूताई फणकारल्या. "अन् सगळ्यायले लावलं बरं का! नवरदेवालेबी. काहून? माझ्यावर शक हाये का? माझ्या पोरीचं वर्ध्याले जमलं, यापेक्षा चांगलं!"

मी छताकडं पाहू लागलो. पण मनात म्हटलं, मामांचा उजवाच हात सुजला होता.

निघताना माझं लक्ष कोपऱ्यात गेलं. गोपाळरावांचा धाकटा भाऊ नत्थूकाका तिथं खाटेवर बसला होता. मोठा गप्पिष्ट माणूस, पण आज तोंड शिवल्यासारखा गप्प. आणि चैत्राच्या त्या उन्हात, जिथं माझा सदरा पाठीला चिकटला होता, तिथं नत्थूकाका अंगाभोवती शाल गुंडाळून बसला होता.

बाईंनीही ते पाहिलं होतं.

३

सक्करदऱ्याला भोयरांच्या ओसरीवर वरपक्ष हातांवर ओल्या घड्या ठेवून ओळीनं बसला होता. पाहून हसू येत होतं, पण हसायची सोय नव्हती. वसंताचे वडील दादाजी मवाळ माणूस. त्यांनी आधी पाणी विचारलं आणि मगच हात पुढं केला.

डावा हात. कोपराखाली.

त्यांच्या शेजारच्या चुलतभावाचाही डावा. त्याच्या पलीकडच्या जावयाचाही डावा. बाई एकेकाचा हात पाहत पुढं सरकत होत्या आणि माझा अत्तराचा सिद्धान्त मागं मागं सरकत होता. कोणाला फोड जास्त, कोणाला कमी, कोणाचे ओघळासारखे पसरलेले. पण सगळे डाव्या हाताला, कोपर आणि मनगट यांच्या मध्ये. एक-दोघांना काहीच झालं नव्हतं.

"अंगावर दुसरीकडं कुठं?"

"नाही बाई," दादाजी म्हणाले. "तेच तर समजून नाई राह्यलं. देवी म्हणावी तर तोंडावर यायले पायजे होती. खरूज म्हणावी तर बोटायच्या बेचक्यात."

रुपराव मामा तावातावानं चहा पीत होते. चहा बशीत ओतून त्यांनी ती डाव्या हातात घेतली आणि फुरकन भुरका मारला. "रोगाचं नाव काय ते सांगा, डॉक्टरीणबाई. रविवार जवळ आला."

"सांगते. पण मामा, तुम्हाला एकट्यालाच उजव्या हाताला कसं काय झालं?"

"रोगाले डावं-उजवं काय समजते!"

"या रोगाला समजतं, असं दिसतंय," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात सायकल टेकवून वसंत आत आला. कारखान्यातून सुटला तो थेट. उंच, जरा बुजरा मुलगा. आल्या आल्या त्यानं दोन्ही बाह्या वर करून बाईंसमोर हात धरले. हात स्वच्छ होते.

"मले काहीच झालं नाई, बाई," तो म्हणाला. "अन् ताराच्या सगळ्यात जोळ मीच बसलो होतो. तिनं अंगठी घातली, तिनं माझा हात धरला. रोग तिच्यापासून आला असता त पहिला मले व्हाले पायजे होता. हे मी मामाले सांगून सांगून थकलो."

"नशीब समज!" मामा म्हणाले.

बाईंचे डोळे मात्र चमकले. मला ती चमक ठाऊक आहे. मागं गल्लीतली कावीळ कोणत्या नळातून येते ते सापडलं, तेव्हाही अशीच आली होती.

"वसंत, त्या दिवशी तू काय घातलं होतंस?"

वसंत लाजला. "सूट. मामानंच शिवून देला. टेरिकॉटचा, अस्तर लावून. अंदर घामानं आंघोळ झाली पण मामा कोट उतरवू देत नव्हते."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यायचं बरं होतं. कोणी अर्ध्या बाह्यायचे बुशकोट, कोणी बाह्या गुंडाळून आरामात."

बाई मोठ्यानं हसल्या. ओसरीवरचे सगळे सुजलेले हात एकदम थबकले.

"मामा, भाच्याला तुम्ही वाचवलंत," त्या म्हणाल्या. "श्रीधरभाऊ, चला. रोग कोणता ते मला जवळजवळ कळलं. आता तो कुठं लपून बसलाय ते नत्थूकाकांच्या शालीत पाहू."

४

नत्थूकाका शाल सोडायला तयार नव्हता. थंडी वाजते म्हणाला. कपाळावरून घाम टपटपत होता.

"काका," बाई त्याच्याजवळ खाटेवर बसल्या, "तुमच्या पुतणीचं लग्न मोडतंय. ते तुमच्या शालीमुळं मोडावं असं तुम्हाला वाटतं का?"

त्यानं एकवार दाराकडं पाहिलं. गोपाळराव जवळ नाहीत याची खात्री केली आणि डावा हात बाहेर काढला.

मी दचकून मागं सरलो. कोपराखाली तशीच सूज, तसेच फोड. पण फोड वेडेवाकडे नव्हते. कातडीवर कोणी काढून द्यावा तसा एक गोल होता आणि त्या गोलात फुली.

"करणी!" माझ्या तोंडून गेलं. "बाई, ही कोणीतरी केलेली करणी आहे!"

"श्रीधरभाऊ, पाणी प्या," बाई म्हणाल्या. "काका, तुम्ही गादीवर बसला होता ना?"

नत्थूकाकाचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. "बसलो नाई बाई, निजलो. पाहुणे मारुतीच्या दर्शनाले गेले होते. वडाभात जरा जास्त झाला होता. गादी पाहून मन गेलं. इचार केला, पडून पाहू कसं वाटते वरपक्ष. लोड घेतला उशाले, हात ठेवला त्याच्यावर, अन् असा डोळा लागला का घोरत पडलो. दादाले समजलं असतं त घरात नसतं घेतलं मले. अन् मंग फोड आले. मले वाटलं, पाहुण्यायच्या जागेवर निजलो त्याचं पाप फुटलं."

"पाप नाही हो काका," बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्या झोपेनं ताराचं लग्न वाचवलं. बाकीच्यांनी गप्पा मारताना हात हलवला, म्हणून त्यांच्या हातावर सगळं फिसकटलं. तुम्ही मेल्यासारखे झोपलात, म्हणून ठसा जसाच्या तसा उमटला. अशी खूण तुम्ही कुठं पाहिलीये का?"

काका विचारात पडला. मीही पडलो. आणि त्याच वेळी खिडकीबाहेरून आरोळी आली, "बाजूला व्हा, बाजूला!"

गल्लीतून चंपतरावचा ठेला चालला होता. वर गाद्यांची चळत आणि चळतीवर लोड. प्रत्येक पांढऱ्या गिलाफावर, बरोबर मधोमध, काळीभोर खूण होती. गोल, आणि गोलात फुली.

राऊतांकडं बसताना ती मी पाहिली होती. मीच काय, सगळ्या जरीपटक्यानं पाहिली होती. बिछायतीच्या मालावर खूण असतेच. तिच्याकडं कोण बघतो!

"हे कुठं चाललंय?" बाईंनी खिडकीतून विचारलं.

"इथंच, इंदोऱ्याले! साक्षगंध हाये आज, पाहुणे बसलेबी असतीन!" ठेलेवाला ओरडला आणि ठेला कोपऱ्यावरून वळला.

बाई चपला न घालताच धावल्या. मी मागं. माझ्यामागं शाल सोडून नत्थूकाका. भर बाजारात डॉक्टरीणबाई अनवाणी धावतायत म्हटल्यावर भाजीवाल्या उठल्या, दर्जी मशीन सोडून आला, आणि कशासाठी ते माहीत नसताना निम्मा जरीपटका आमच्यामागं धावू लागला. ठेल्याला आम्ही चौकात गाठलं.

ठेलेवाल्यानं उघड्या खांद्यावर ओला दुपट्टा टाकला होता. धापा टाकत बाईंनी त्याला विचारलं, "भाऊ, लोड उचलून कशावर नेता?"

"खांद्यावर. काहून?"

"दुपट्टा जरा बाजूला करा."

त्यानं दुपट्टा काढला आणि जमलेली गर्दी दोन पावलं मागं सरली.

५

रविवारी भोयरांच्या ओसरीवर दोन्ही घरं बसली. तारा आईजवळ ताठ बसली होती. बाईंनी मधोमध एक लोड ठेवायला लावला होता, जुन्या चादरीत गुंडाळून. शेजारी चंपतराव आणि ठेलेवाला. इंदोऱ्याच्या लोकांचं साक्षगंध बिनलोडाचं पार पडलं होतं आणि कोणाला काही झालं नव्हतं.

"आधी एक गोष्ट," बाई म्हणाल्या. त्यांनी ठेलेवाल्याला पुढं घेतलं आणि खांदा दाखवायला सांगितला. सूज तीच, फोड तेच. "भाऊ, तुम्ही ताराला कधी पाहिलंय?"

"कोन तारा?"

"राऊतांकडं जेवलात?"

"कोन जेवाले बोलावते जी मले! माल टाकला अन् गेलो."

"अत्तर?"

त्याला ते इतकं गमतीचं वाटलं की तो खदाखदा हसत सुटला.

"पाहा मामा," बाई वळल्या. "ज्यानं ताराला पाहिलं नाही, तिच्या घरचं पाणी प्यालं नाही, त्यालाही तोच रोग. आणि जो तिचा हात धरून बसला, त्या वसंताला काही नाही. म्हणजे रोग माणसातून आला नाही. मग कुठून? तुमच्याकडच्या लोकांना झाला, राऊतांकडच्यांना नाही. दोघांनी जेवण एकच केलं, पाणी एकच प्यायलं. फरक एकच होता. तुम्ही गादीवर लोडाला टेकून बसलात आणि ते रीत म्हणून खाली बसले. बायका आत होत्या, त्या वाचल्या. वसंताच्या हातावर अस्तराचा कोट होता, तो वाचला."

"पण डावाच हात काहून?" दादाजींनी विचारलं.

"उजव्या हातानं सुपारी, चहा, रामराम. टेकतो आपण डाव्यावर."

"अन् माझा उजवा?" मामा विजयानं ओरडले.

बाईंनी तबकातला विडा त्यांच्यापुढं धरला. मामांनी तो पटकन घेतला. डाव्या हातानं. दादाजीच आधी हसले. "हा लहानपणापासून डावरा हाये बाई! याले वाढताना माझी बायको ताट उलटं ठेवते!"

सगळी ओसरी हसली. मामा विडा हातात घेऊन त्याच्याकडं पाहत राहिले.

बाईंनी काठीनं चादर बाजूला केली. पांढऱ्या गिलाफावर गोल आणि फुली. नत्थूकाकानं आपला हात शेजारी धरला. आता त्याला लपवायचं काही उरलं नव्हतं. गोपाळरावांनी भावाकडं एकदा डोळे वटारून पाहिलं, एवढंच.

"चंपतराव, ही खूण कशानं केली?"

चंपतराव रडकुंडीला आला. "बिब्यानं, बाई. धोब्याचीच रीत हाये ती. बिब्याचा काळा रस, कितीबी धुवा, जात नाई. आधी धोबी बारीक टिपका करे, अंदरच्या शिवणीले, वरून चुना लावून. पण मागच्या लग्नसराईत लोकायनं खुणेचे कोपरेच कापले अन् गिलाफ पळवले! मंग मीच हाताले खोबरेल चोपडून बसलो अन् मधोमध ठसठशीत केली. म्हटलं, आता काप म्हना! ताजे बिबे होते. चुना नाई लावला, इतक्या गिलाफायले कोन लावत बसते. वाळू देल्या चांगल्या. बिबा वाळला का मेला, असंच मी समजत होतो."

"बिबा!" ओसरीवर एकच गलका झाला. बिबा उततो, अंगाला लागला की फोड येतात, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. फक्त झाडावरचा बिबा त्यांना ओळखता येत होता. पाहुणा बनून लोडावर बसला, तेव्हा कोणी ओळखला नाही.

"वाळला की रंग पक्का होतो, बाधा जात नाही," बाई म्हणाल्या. "वरून चैत्राचा घाम. पण सगळ्यांना सारखा बाधत नाही. ज्याच्या अंगानं त्याच्याशी एकदा वैर धरलं, ते अंग विसरत नाही. घाबरू नका, फोड सुकतील, गार घड्या आणि लोशन चालू ठेवा. हा एकाचा दुसऱ्याला होत नाही. उपाय सोपा आहे. गिलाफ बाद करा, आणि चंपतराव, पुढची खूण सुईदोऱ्यानं. लाल दोऱ्यानं भरा, कोणी उसवत बसणार नाही."

मामा उठले. मला वाटलं, आता नवीन काहीतरी काढतील. पण त्यांनी बाही खाली ओढली, ताराजवळ गेले आणि उभे राहिले.

"पोरी, मी बिब्याच्या झाडाखाली लहानाचा मोठा झालो," ते म्हणाले. आवाज पहिल्यांदाच साध्या माणसाचा होता. "अन् दोष देला तुले. चुकलं माझं. नोकरी सोड म्हणून मीच पहिले बोललो असतो. आता नाई बोलत."

"बोलले असते तरी मी सोडली नसती, मामाजी," तारा म्हणाली. आता मात्र तिचे डोळे भरले होते. "पण एक मागते. एक डाव माझ्या वॉर्डात या. तिथल्या माणसायजोळ बसा. रोगाले भेताना आपण माणसालेच भेतो, ते तुमीबी पाहा."

मामांनी होकारार्थी मान हलवली. वसंत तिच्याकडं असा पाहत होता की दादाजींना खाकरावं लागलं.

६

लग्न वैशाखात लागलं. मधल्या काळात मामा वॉर्डात जाऊन आले, दोन मोठी टरबुजं घेऊन. पहिल्यांदा दारातच उभे राहिले म्हणे. दुसऱ्या खेपेला खाटेवर बसून एका म्हाताऱ्याला फोडी खाऊ घातल्या, डाव्या हातानं. डाव्या हातानं कोणाला भरवत नाहीत, ही रीत म्हाताऱ्यानंच त्यांना शिकवली.

मांडवात चंपतरावच्याच गाद्या होत्या. नव्या गिलाफांवर लाल दोऱ्यानं गोल आणि फुली भरलेली, दिसायला नक्षीसारखी. आता इतर बिछायतवालेही तसंच भरून घेऊ लागले होते आणि चंपतराव ही आपलीच युक्ती म्हणून सांगत होता. सिंधूताईंनी अत्तर लावलं. मी दोन्ही हात पुढं केले, प्रायश्चित्त म्हणून.

मामांनी बसण्याआधी लोड उलटापालटा करून पाहिला, नाकाशी धरून हुंगला. लोक हसले. मग मामांनी इकडंतिकडं नजर टाकली. गोपाळराव मांडवाच्या खांबाला धरून उभे होते, हातात पाण्याचा तांब्या. दिवसभर पाहुण्यांची सरबराई करून पाय सुजलेले, पण बसण्याचं मनातही नाही.

मामा गेले, तांब्या काढून घेतला आणि त्यांचा हात धरून त्यांना गादीवर आणून बसवलं. नत्थूकाकाला बोलवावं लागलं नाही, तो आधीच येऊन बसला होता.

"मामाजी, लोक काय म्हणतीन?" गोपाळराव काठावरच अवघडून बसले. "पोट्टीचा बाप गादीवर? असं नसते होत जी आमच्यात."

"नसते होत म्हणूनच त समजलं नाई ना कोणाले," मामा म्हणाले. "तुमी खाली, आमी वर. तुमी आमच्यासंग टेकले असते त तुमालेबी फोड आले असते, अन् माझ्यासारख्या बह्याडालेबी दिसलं असतं का पोट्टीचा काही दोष नाई. आता जे व्हायचं ते दोघायले होऊ द्या."

गोपाळराव तरी ताठच बसून होते. तेव्हा मामांनी स्वतःचा लोड उचलला आणि त्यांच्या कोपराखाली सरकवला.

"टेका ना, व्याही."

गोपाळरावांनी समोर पाहिलं. तारा हळदीच्या पिवळ्या हातांनी डोळे पुसत त्यांच्याकडंच पाहत होती. मग त्यांनी डावा हात हळूच लोडावर ठेवला आणि टेकले.